मामा लुलवाचा उजवा हात

स्पष्टच सांगते, हे सदर मी चिडायला म्हणून वाचायचे. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतल्या पैंजणांचा आवाज... वाचायचं, डोकं फिरवून घ्यायचं आणि खाली लांबलचक कॉमेंट टाकून लिहिणाऱ्याला उघडं पाडायचं, हा माझा उद्योग. जुन्या वाचकांना माझं नाव आठवत असेल. प्रेमाने नाहीच आठवणार.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर. नर्सिंगला असताना आमचा एक गट होता. अंगात येणं, करणी, भानामती यांचे प्रयोग करून दाखवायचे आणि लोकांना सांगायचं, बघा, यात काही नाही. मागावरच्या बायकांच्या प्रश्नांवरही आम्ही बोलायचो. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा मला भुताखेतांवर विश्वास नव्हता, आजही नाही. हे आधी नीट वाचा आणि मग पुढे जा.

आता मी सौदीत आहे. रास तनुराच्या अलीकडे समुद्रकाठी एक छोटं गाव आहे, तिथल्या एका खाजगी पॉलिक्लिनिकमध्ये. माझ्याकडे होम केअर आहे. म्हणजे सकाळी क्लिनिकच्या गाडीतून घरोघरी जायचं, ड्रेसिंग, कॅथेटर, शुगर, बीपी करायचं आणि परत यायचं. हॉस्टेलमध्ये सगळ्या मल्याळी मुली. वाईट कुणीच नाही, पण जेवताना त्यांचं हसणं सुरू झालं की मी ताटाकडे बघत बसते. मराठी बोलायला फक्त फोन. आणि फोनवर आईशी काय बोलणार? ‘जेवलीस का’, ‘हो’. संघटना, मोर्चा, पत्रक यातलं इथे काही नाही. तोंड उघडलं तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाईल. गप्प राहायची सवय नसलेल्या माणसाला गप्प बसवलं की आत काय होतं, ते मला विचारा.

ज्या घरात हे घडलं ते समुद्राला लागून आहे. उंच भिंत, लोखंडी फाटक, आत खजुराचं एकच झाड. गच्चीवरून रिफायनरीच्या ज्वाळा दिवसाही दिसतात. पेशंट मामा लुलवा. इथे घरात कामाला असलेल्या बायका मालकिणीला ‘मामा’ म्हणतात, त्यामुळे मीही तेच म्हणू लागले. वय खूप. स्ट्रोकमुळे उजवी बाजू पूर्ण गेलेली, वाचाही गेलेली. आणि माकडहाडावर बेडसोर, लिंबाएवढा खड्डा. माझं काम ती जखम धुणं आणि भरणं. घर चालवतो मुलगा, अबू फहद. अंगाने मोठा, आवाज हळू.

आणि मामाला रात्रंदिवस सांभाळायला नूर्सिया.

नूर्सिया इंडोनेशियाची. पण इंडोनेशिया म्हटल्यावर जी शहरं डोळ्यांसमोर येतात तिथली नाही. तिचं बेट इतकं पूर्वेला आहे की तिथून राजधानीला पोचायला कित्येक दिवस बोटीत काढावे लागतात. कागदावर ती ‘क्लीनर’, प्रत्यक्षात नर्स, स्वयंपाकीण, धोबीण सगळं एकटीच. पासपोर्ट अबू फहदच्या कपाटात. हे कायद्याने चुकीचं आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे पुढे चालू लागतात. तिच्या भाषेत नर्सला ‘सुस्तर’ म्हणतात, म्हणून मी सुस्तर. आमचं बोलणं मोडक्या अरबीत, थोडं इंग्रजीत, उरलेलं हातांनी. पण खरं सांगू? त्या दोन वर्षांत मी सगळ्यात जास्त बोलले असेन तर तिच्याशी.

मामाला कुशीवर वळवून ती धरून ठेवायची, मी जखम धुवायचे, आणि तोंडं चालू.

“सुस्तर, तुझं गाव समुद्राच्या कुठल्या बाजूला?”

“समुद्रच नाही. मी समुद्र इथे आल्यावर पहिल्यांदा बघितला.”

ती हसून हसून वाकली. “मग तुम्ही खाता काय? माती?”

“आम्ही कापड विणतो.”

“कापड खाता!”

तिच्या बेटावर धक्का नाही. व्यापाऱ्याची बोट लांब उभी राहते आणि लोक होड्या घेऊन तिच्याकडे जातात. देतात खोबरं, जायफळ, सुकी मासळी. घेतात तांदूळ, साखर, रॉकेल, मोबाइलचे रिचार्ज. भाव व्यापारी सांगेल तो. दुसरी बोटच नाही तर घासाघीस कुणाशी करणार? तरणे पुरुष दुसऱ्यांच्या मासेमारी जहाजांवर, तरण्या बायका आखातात. गावात सिमेंटची नवी घरं रांगेने उभी आहेत, फरशी घातलेली, गुलाबी निळ्या रंगाची... आणि आत कुणी नाही. ज्या बाईच्या पगारातून घर उभं राहिलं ती जेद्दाहमध्ये दुसऱ्याची फरशी पुसतेय. मी तिला म्हटलं, हे फार भयंकर आहे. तर म्हणते, “भयंकर काय? घरात कोंबड्या राहतात. त्यांना आवडलंय.”

पण त्या गावाची एक गोष्ट मला फार आवडली. तिला ते ‘सासी’ म्हणतात. समुद्राचा एक तुकडा गाव ठरवून बंद करतं. नारळाची कोवळी झावळी विणून काठीला बांधायची आणि काठी उथळ पाण्यात रोवायची. मशिदीत दुआ होते, एक म्हातारा शंख फुंकतो, की झालं बंद. त्यानंतर त्या पाण्यातून कुणी काही काढायचं नाही. तळाशी एक मोठा शिंपला होतो, लोला. त्याच्या आतल्या चकचकीत थराची बटणं करतात, महागड्या शर्टांची. मी कापडाच्या गावातली, पण बटण येतं कुठून हा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता! दोन-तीन वर्षं पाणी बंद राहतं. शिंपले मोठे होतात. मग एक दिवस परत शंख, आणि सगळं गाव एकदम पाण्यात.

“आणि मधे कुणी चोरलं तर? पोलीस?”

“पोलीस पलीकडच्या बेटावर.”

“मग अडवतं कोण?”

तिला प्रश्नच कळेना. “झावळी दिसते ना सुस्तर. बंद आहे म्हणजे बंद आहे.”

सरकार नाही, पोलीस नाही, आणि गाव आपला समुद्र राखतंय. माझ्या डोक्यात लगेच लेखाचा मथळा तयार. पण नूर्सियाच्या डोक्यात वेगळंच काही होतं, आणि ते तिने बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

उघडण्याच्या दिवशी प्रत्येक घरातून एकाने तरी पाण्यात उतरावं लागतं. ज्या घरातून कुणी उतरत नाही, त्या घराला वाटा नाही. नूर्सियाच्या घरात आता दोनच माणसं. तिचे म्हातारे वडील आणि मुलगी मिला. वडिलांचे कान सूर मारून मारून फुटलेले. नवरा जहाजावर गेला तो गेलाच. याआधी नूर्सिया स्वतः उतरायची. या वेळी ती पोचली नाही, तर मिला उतरणार. अकरा वर्षांची.

“तिला पोहता येतं, चांगलं येतं,” नूर्सिया म्हणाली. “पण तळाला ओढ आहे सुस्तर. खडकाच्या खाली आत खेचतं. कधी सोडून द्यायचं आणि वर यायचं, ते शिकवायला कुणीतरी बाजूला लागतं. मला माझ्या आईने शिकवलं.”

म्हणजे तिला घरी जायलाच हवं होतं. अबू फहदने नाही म्हटलं नव्हतं. त्याचं म्हणणं साधं होतं. “जखम भरली की तिकीट. इन्शाल्ला.”

आता बघा हे कसं असतं. एका बाईची सुटका दुसऱ्या बाईच्या मांसावर ठेवलेली. ते मांस भरलं की नाही हे लिहायचं कुणी? मी.

आणि जखम काही भरेना. कारण मला दिसत होतं. येणारा प्रत्येक नातलग चादर उचलायचा, ड्रेसिंग सोडवून बघायचा, चुकचुकायचा, आणि कुणी मध, कुणी काळ्या जिऱ्याचं तेल, कुणी कसली पूड लावून जायचा. मी सांगून थकले. परदेशी नर्सचं कोण ऐकतं?

एके सकाळी गेले तर पलंगाच्या कडेला खजुराची हिरवी झावळी, बारीक विणून, गाठी मारून बांधलेली. नूर्सिया छाती काढून उभी. “बंद केलं,” म्हणाली. “आता सुस्तरशिवाय कुणी हात लावायचा नाही. भरेल.”

मला हसू आलं, पण क्षणभरच. ज्यांना इथली माहिती नाही त्यांना सांगते, इथे जादूटोणा हा गुन्हा आहे, थट्टा नाही. मोलकरणीने पलंगाला कसल्यातरी गाठी बांधल्या, एवढं पुरे. आणि झालं तेच. अबू फहदची मोठी बहीण आली, गाठींकडे बघून दोन पावलं मागे सरली आणि ओरडली, “हे काय आहे? सिहर? माझ्या आईवर?”

नूर्सियाचा चेहरा राखेसारखा.

मी मधे पडले. म्हटलं, हे माझं आहे. क्लिनिकचा नियम. हिरवी खूण म्हणजे इन्फेक्शनचा धोका, हात लावू नये. दुपारी रिसेप्शनवरच्या इजिप्शियन माणसाकडून अरबीत तेच छापून घेतलं, वर क्लिनिकचा शिक्का मारला आणि ती पाटी झावळीवर टाचली. करणीच्या गाठी भर चौकात सोडून दाखवणारी मी... इथे एका गाठीवर शिक्का मारून तिला राखत होते. पण चाललं! नातलग पाटीला घाबरले. मध बंद, तेल बंद. खड्डा तळातून लाल, निरोगी भरू लागला. यात चमत्कार शून्य. जखमेला कुणी छेडलं नाही तर ती भरते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. नूर्सियाला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, “तेच तर मी म्हणते.”

मग एक दिवस तिच्या वडिलांचा फोन आला. गावात नेटवर्क फक्त मशिदीमागच्या टेकाडावर, तिथे चढून ते बोलायचे. वारा बदलणार म्हणून व्यापाऱ्याची बोट लवकर येणार होती. समुद्र लवकर उघडणार. येत्या जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर, ओहोटीला.

जखम अजून भरली नव्हती.

“सुस्तर, लिही. भरली म्हणून लिही.”

मला लिहिता आलं नाही. नूर्सिया गेली की मामाला दर दोन तासांनी कूस बदलून देणारं घरात कुणी नव्हतं. खड्डा परत पडला असता, या वेळी हाडापर्यंत. म्हणून मी सरळ अबू फहदकडे गेले. मजलिसच्या, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या, दारात उभी राहून मला येतं तेवढ्या इंग्रजीत सगळं बोलले. पासपोर्ट, रजा, हक्क, अकरा वर्षांची मुलगी. आवाज चढला असणार. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “सिस्टर, तिची मुलगी तिच्या आजोबांकडे आहे. माझी आई कुणाकडे आहे? तिला कोण वळवणार, तू?”

“हो, मी.”

“तू क्लिनिकची आहेस.” मग म्हणाला, “पुढच्या महिन्यात दुसरी बाई येतेय. तेव्हा पाठवतो. शब्द देतो. खलास.”

वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं. भांडायला तरी आलं असतं.

तो शनिवार. आमची सकाळ म्हणजे तिथली दुपार. मी पोचले तेव्हा नूर्सियाने मामाला आंघोळ घालून ठेवलेली, केस विंचरलेले. तिचे स्वतःचे डोळे सुजलेले.

तिने नेहमीसारखं मामाला डाव्या कुशीवर वळवलं आणि समोर गुडघ्यांवर बसून खांद्याला धरलं. मामाचा लुळा उजवा हात वरच्या बाजूला, उशीवर ठेवलेला. मी पाठीमागे. ट्रॉली मांडली, ग्लोव्हज घातले, जुनं ड्रेसिंग काढलं. सलाईनच्या बाटलीचं सील अजून तोडायचं होतं.

आणि आवाज आला.

लांब, खालच्या सुरातला, एकाच श्वासातला. आमच्या गल्लीत आरतीला शंख वाजवणारे एक काका होते, म्हणून मला तो आवाज ओळखू येतो. एसी चालू, खिडक्या बंद. बाहेरून आल्यासारखा नव्हता. फरशीतून वर आल्यासारखा होता, माझ्या तळपायांना कळला. मी मान वर केली. “नूर्सिया, ऐकलंस?”

ती उत्तर देईना. डोळे मिटलेले, गाल आत गेलेले. तिने श्वास धरून ठेवला होता. मला वाटलं रडू दाबतेय. पण नाही... छाती अजिबात हलत नव्हती. मी पलंगाला वळसा घालून गेले, मानेवर बोटं ठेवली. नाडी होती, पण इतकी सावकाश की प्रत्येक ठोक्यानंतर मला वाटे, संपली. कातडी गार. एसीच्या खोलीतली गार नव्हे, पाण्यातून आलेल्या माणसाची असते तशी. ओठ निळे पडत चालले. मी तिला हलवलं, गालावर मारलं, ओरडले. कुणाला ओरडले माहीत नाही, कारण मराठीत ओरडले.

तेवढ्यात मामा लुलवाचा उजवा हात उचलला गेला.

तो हात मी दोन वर्षं रोज हाताळत होते. बोटं सोडवून साफ करायचे, सोडला की आपटायचा. तो हात उशीवरून उठला आणि त्याने नूर्सियाचं मनगट पकडलं. आणि मग ओढलं. झटका नव्हे. लांब, पूर्ण, कोपर मागे नेऊन... परत पुढे जाऊन... परत लांब. जसं काही खोलवरून वजनाचं वर घ्यायचं आहे. मनगट तिथेच होतं, पण म्हातारी ओढतच होती. तिचे डोळे सताड उघडे, आणि घशातून एक घोगरा ताल, ओढण्याबरोबर येणारा. या बाईला वाचा नव्हती, लक्षात घ्या.

नूर्सियाने श्वास घेतला. मोठ्ठा, आत खेचून, बुडालेलं माणूस वर आल्यावर घेतं तसा. आणि खोकली. तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, ओंजळभर, मामाच्या चादरीवर. मग ती आडवी झाली. मामाचा हात घसरून खाली पडला, होता तसा लुळा.

मी काय केलं? नर्स करते ते. नूर्सियाला कुशीवर घेतलं, बीपी, ऑक्सिजन, पाय वर. मामाला झाकलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, मग फोन. “सिस्टर, यल्ला! आगे तीन पेशंट हैं!” त्याला म्हटलं, तू जा. आयुष्यात पहिल्यांदा कामावर असं म्हटलं.

नूर्सियाला काहीच आठवत नव्हतं. म्हणाली, कान दुखतायत.

मी तिथेच बसून राहिले. काही वेळाने तिचा फोन वाजला. तिचे वडील टेकाडावरून ओरडत होते, हसतायत की रडतायत कळेना. मग एका मुलीचा आवाज, बसलेला. नूर्सिया ऐकता ऐकता भिंतीला टेकत खाली बसली. माझ्यासाठी एकेक वाक्य अरबीत करून सांगत गेली.

मिला उतरली. सगळ्यांबरोबर वर आली नाही. शिंपल्यांची पिशवी खडकाखाली अडकली आणि तिने पिशवी सोडली नाही. लोक परत खाली गेले, दिसेना. मग ती आपली आपण वर आली.

“ती म्हणते, मनगटाला धरून कुणीतरी ओढलं. ती म्हणते, मी ओरडले, आई...” नूर्सिया थांबली. “पण ती म्हणते, आईचा हात नव्हता. म्हातारा हात होता. खरखरीत.”

आता तुम्ही म्हणाल ते मी आधीच स्वतःला म्हणून घेतलंय. रास तनुराच्या धक्क्यावर तेलाची जहाजं लागतात, त्यांचे भोंगे ऐकू येतात. मग शंख कसला? काळजीने पिळवटलेली, रात्रभर न झोपलेली बाई श्वास कोंडून घेऊ शकते. स्ट्रोकच्या लुळ्या हाताला जांभईबरोबर किंवा घाबरल्यावर आपोआप आचका येतो, हे पुस्तकात आहे. मुलगी धडपडून सुटली आणि भीतीने तिला भास झाला. प्रत्येक गोष्टीला कारण आहे, आणि एकेक घेतलं तर मला पटतंही. त्याच सकाळी, त्याच वेळेला, एकामागून एक... इथे माझी गाडी अडते. आणि चादर. मी ती धुवायला दिली नाही, खुर्चीवर वाळत टाकली. वाळल्यावर डागाच्या कडेला पांढरा थर उमटला. मीठ. मी म्हटलं, सलाईन सांडलं असणार. ट्रॉलीवरची बाटली उचलून बघितली. सील तोडलेलं नव्हतं.

अबू फहदला मी शंखाचं आणि पाण्याचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं की तुमच्या आईचा उजवा हात आज हलला, तो असा असा... आणि ओढून दाखवलं. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःचे हात पुढे केले आणि तसंच ओढलं, पण माझ्यापेक्षा बरोबर, कमरेतून.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“तुमच्या आईने.”

तेलाच्या आधी हा सगळा किनारा मोत्यांवर जगायचा. पुरुष महिनोन्महिने होडीवर. एक जण दोर बांधून तळाला जाणार, दुसरा वर दोर धरून उभा. खालून झटका आला की वरच्याने ओढायचं, जीव जाईपर्यंत ओढायचं, कारण खालच्याचा जीव त्याच्या हातात. अशा दोर धरणाऱ्याला ‘सैब’ म्हणतात. मामा लुलवाचे वडील सैब होते. म्हातारपणी नातवंडांना अंगणात खेळात हे ओढणं शिकवायचे, बरोबर गाणंही म्हणायचे. “पण माझी आई कधी होडीवर गेली नाही,” अबू फहद म्हणाला. “बायका जात नसत. आणि तो हात हलत नाही सिस्टर. तू थकलीयेस.”

तो उठून आईच्या खोलीत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

त्याने शब्द पाळला. दुसरी बाई आली, नूर्सिया गेली. हाताचं मी तिला सांगितलं होतं. जाताना तिने मामाच्या उजव्या तळव्याला कपाळ टेकवलं. मामा छताकडे बघत होती. मी त्यानंतरही रोज जायचे. नवी बाई इथिओपियाची, अबोल, कामाला चोख. कधी ती चहा करायला गेली की मी तो हात हातात घेऊन बसायचे. हलवून बघायचे. चिमटा काढून बघायचे, हो, काढला. काही नाही. तळवा मात्र खरंच खरखरीत होता. इतकी वर्षं अंथरुणात पडलेल्या हाताला घट्टे कसे, हे मी आधी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. पण तेही असेल काहीतरी, कातडीचं.

हे सांगायचं कुणाला? आई म्हणेल नोकरी सोडून ये. जुन्या गटातले मित्र म्हणतील, बघा, हिचंही झालं. हॉस्टेलच्या मुली ऐकून छातीवर क्रॉसची खूण करतील आणि मला जास्तच जवळ घेतील, ते मला नको आहे. म्हणून ज्या सदराला शिव्या घातल्या तिथेच लिहितेय. कॉमेंटमध्ये मला उघडं पाडायचं असेल तर जरूर पाडा. कुणाकडे खरं उत्तर असेल तर मला ते हवंय. माझ्याकडे नाही.

जखम पूर्ण भरली होती. पातळ, गुलाबी कातडी आली होती. रमजानच्या सुरुवातीला मामा लुलवा झोपेतच गेली. मी नूर्सियाला कळवलं नाही. कळवू, कळवू म्हणत राहिले.

मागच्या आठवड्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला, टेकाडावरून, मागे वारा. गावाने समुद्र परत बंद केलाय. मिलाच्या वाट्याचे शिंपले केव्हाच तांदळात गेले. एजंट येऊन गेला. नूर्सिया परत निघालीय, या वेळी मक्केत, हॉटेलच्या खोल्या साफ करायला. मक्केची यात्रा घडणार म्हणून खुशीत होती. “कामावर असतानाच उमरा होईल सुस्तर!” मला जे जे म्हणायचं होतं ते सगळं तोंडापर्यंत आलं. घरं, कोंबड्या, एजंट, बटणं. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून तिथेच राहिलं.

मग फोन मिलाच्या हातात गेला. आता बारा वर्षांची, दात मोठे, केस उन्हाने तांबूस. पुढच्या वेळी पण तीच उतरणार. मी विचारलं, भीती नाही वाटत? नूर्सियाने मागून तिच्या भाषेत करून सांगितलं.

मुलीने मान हलवली. नाही. काहीतरी म्हणाली. नूर्सिया हसत हसत मला सांगू लागली, “ती विचारते, तू तिथेच असशील ना? लुलवा आजीजवळ?”

मी म्हणाले, हो.